ऊसतोडीच्या टोळीतलं पोरगं आणि मोडलेलं कोपर: एका केसची पूर्ण हकीकत

मुलगा, वय ६, वजन १७ किलो, डावं कोपर, सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर, म्हणजे दंडाचं हाड कोपराच्या अगदी वर मोडलेलं. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत, बाकी केस जशी झाली तशी लिहितोय. आई-बाप बीडकडचे, सांगली जिल्ह्यात ऊसतोडीला आलेले, डिसेंबर महिना, गाळप ऐन भरात. दुपारी साडेतीनच्या सुमारास आई मोळ्या बांधत होती, बाप ट्रॉली भरत होता आणि टोळीतली पोरं दुसऱ्या रिकाम्या ट्रॉलीच्या फाळक्यावर चढून उड्या मारत होती. हे पोरगं हात टेकून पडलं. तळहात जमिनीवर, कोपर ताठ, आणि सगळं वजन त्याच्यावर. पाच ते सात वर्षांच्या मुलांचं कोपर मोडतं ते बहुतेक असंच, आणि जास्त करून डावंच.

आता आपल्याला वाटतं की हात मोडला की माणूस दवाखान्यात येतो. तसं होत नाही. फडापासून आमचं हॉस्पिटल बरंच लांब, ट्रॉली अर्धी भरलेली, आणि काम सोडून गेलं की खाडा पडतो, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत तेवढी भर. जवळच्या गावात एक हाडवैद्य होता, तिथे पाच वाजता नेलं. त्याने हात ओढून सरळ केला, हळद आणि अंड्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या लावून वरून सुती कापड गच्च आवळलं आणि आठ दिवसांनी या म्हणाला. पैसे थोडेच घेतले. रात्री आठला पोराने भाकरी-कालवण खाल्लं, त्यानंतर मात्र रडायचं थांबेना, बोटं सुजली. शेवटी मुकादमाच्याच मोटरसायकलवर मधे पोरगं आणि मागे आई असे रात्री अकराला कॅज्युअल्टीत आले, बाप मागून कुणाच्या तरी गाडीवर.

बोटं टम्म फुगलेली, निळसर, गार. नखावर दाबून सोडलं तर रंग परत यायला वेळ लागत होता. ड्युटीवरच्या नवीन डॉक्टरने एक्स-रेचा कागद लिहायला घेतला होता, त्याला म्हटलं कागद नंतर, आधी हे सोड. आणि ते सोडणं म्हणजे सोपं काम नव्हतं बरं का, अंडं वाळून कापड दगडासारखं झालं होतं, कात्री आत शिरेना. सिस्टरनी सलाईन ओतून ओतून ते भिजवलं आणि कडेने चिमूटभर चिमूटभर करत कापलं, कातडीला एकदाही कात्री न लावता. दहा मिनिटं तरी गेली असतील. शेवटची कामटी निघाली तसा हात आधी पांढरट दिसला आणि मग हळूहळू गुलाबी व्हायला लागला.

कोपर पूर्ण सरळ ठेवलेलं होतं. या फ्रॅक्चरमध्ये हाडाचं वरचं टोकदार टोक पुढच्या बाजूला येतं आणि बरोबर तिथूनच मुख्य रक्तवाहिनी आणि मीडियन नर्व्ह, म्हणजे हाताच्या तीन मुख्य मज्जातंतूंपैकी एक, जाते, कोपर ताठ ठेवलं की दोन्ही त्या टोकावर ताणल्या जातात. कोपर जास्त वाकवलं तर सुजेमुळे रक्तवाहिनी दाबली जाते. म्हणून ३० ते ४० अंशांवर, जसं सहज राहील तसं, मागून स्लॅब, म्हणजे एका बाजूचं अर्धं प्लास्टर, लावून उशीवर ठेवलं. जिथे सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन, नाही, सर्जन नाही, अशा ठिकाणच्या मेडिकल ऑफिसरना माझं एवढंच सांगणं असतं की हे इतकं करा आणि पाठवा. हाड बसवायच्या भानगडीत अंदाजाने पडू नका.

मग तपासणी. घाबरलेल्या सहा वर्षांच्या पोराला 'अंगठा फ्लेक्स कर' म्हणून उपयोग नाही. ठेंगा दाखव म्हटलं, रडत रडत दाखवला, म्हणजे रेडियल नर्व्ह चालू. बोटं फाकव म्हटलं, फाकवली, म्हणजे अल्नर चालू. अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल कर म्हटलं तर गोल होईना, दोन्ही बोटांची शेवटची पेरं सरळच राहत होती आणि गोलाऐवजी चपटी चिमूट होत होती. उजव्या हाताने मात्र झकास गोल केला. म्हणजे मीडियन नर्व्हची एआयएन (अँटेरियर इंटरऑसियस नर्व्ह) नावाची फांदी बंद. हाडाचा खालचा तुकडा मागे सरकणाऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त हीच सापडते आणि सगळ्यात जास्त निसटतेही हीच, कारण तिला कातडीची संवेदना नाही, पोराला कुठेही बधीर वाटत नाही, मुद्दाम बघितल्याशिवाय कळतच नाही. आणि ऑपरेशनच्या आधी लिहून ठेवलं नाही तर नंतर ती तुम्ही हाड धरायला टाकलेल्या तारेने गेली असंच सगळे धरून चालतात.

मनगटावर नाडी लागत नव्हती. हात आता गरम, गुलाबी, नखाचा रंग दोन सेकंदांच्या आत परत येतोय, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर लाट दिसतेय, पण नाडी नाही. कोपराच्या पुढे आतल्या अंगाला काळंनिळं आणि कातडी आत ओढली गेलेली, खळी पडल्यासारखी, म्हणजे हाडाचं टोक दंडाच्या पुढचा ब्रॅकियालिस स्नायू फाडून कातडीखाली येऊन बसलंय. एक्स-रेत तेच, सुप्राकॉन्डायलर, खालचा तुकडा मागे आणि बाहेरच्या बाजूला पूर्ण सरकलेला. गार्टलँड या अमेरिकन सर्जनने १९५९ मध्ये या फ्रॅक्चरचे जे तीन प्रकार पाडले त्यातला तिसरा. पहिल्या प्रकाराला स्लॅब पुरतो, दुसऱ्यातले काही स्लॅबवर भागतात आणि काहींना तार लागते, तिसऱ्याला तार लागतेच, त्यात फार चर्चा नाही.

चर्चा होती ती पाठवायचं की इथेच करायचं याची. हात पांढरा आणि गार राहिला असता तरीही आधी हाड जागेवर आणायचंच असतं, पण तेव्हा रक्तवाहिनी उघडून बघणारा माणूस शेजारी लागतो. इथे हात गुलाबी होता. अशा केसेसमध्ये बहुतेक वेळा हाड जागेवर आलं की टोकावर अडकलेली वाहिनी सुटते आणि नाडी तासाभरात किंवा दिवसाभरात परत येते. मोठं शहर रात्रीच्या वेळी दोन-अडीच तास, तिथे पोचून नंबर लागेपर्यंत सकाळ. मेडिकल कॉलेजमधल्या प्लास्टिक सर्जनशी फोनवर बोललो, त्यांचंही तेच मत पडलं की बसवा, तारा टाका, आणि तरी हात पांढरा पडला तर लगेच इकडे पाठवून द्या, मी थांबतो. १०८ ला आधीच कळवून ठेवलं. नाडी चांगली असती, नर्व्ह ठीक असती, तर मी सकाळपर्यंत थांबलो असतो हेही सांगतो, कारण अर्ध्या झोपेतल्या टीमला घेऊन रात्री दोनला केलेलं कोपर आणि सकाळी ताजेपणी केलेलं कोपर यात फरक पडतो.

इथे बापाशी बोलणं आलं. तो म्हणाला, "सायब, आठला पोटभर जेवलंय, आन् कारड गावाकडं हाये." दोन्ही खरेच प्रश्न. पोट भरलेलं असल्यामुळे भूलतज्ज्ञ मॅडमनी नुसत्या केटामिनच्या इंजेक्शनवर करायला सरळ नकार दिला, श्वासनलिकेत नळी घालूनच करणार म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं, कारण मार लागल्यावर पोट रिकामं व्हायचं थांबतं, घड्याळात सहा तास मोजून काही होत नाही. हातापुरती ब्लॉकची भूलही नको म्हटलं, कारण नंतर आत दाब वाढत गेला तर दुखणं कळणार नाही. रेशनकार्डचं असं झालं की महात्मा फुले योजनेत इमर्जन्सीला फोनवर मंजुरी मिळते पण कागद नंतर लागतातच, आणि कार्ड होतं बीडला आजीकडे. शेजारच्या पोराकडून तिने फोटो काढून मुकादमाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला, पहिला फोटो हलला म्हणून दुसरा. आमच्या योजनेच्या काउंटरवरचा मुलगा हे सगळं झोपेतून उठून करत होता, त्याचं नाव डिस्चार्ज कार्डवर कुठेच येत नाही.

थिएटरमध्ये दीड वाजला. सी-आर्म आडवा करून त्याच्या तबकडीवरच हात ठेवला, १७ किलोच्या पोराला हात ठेवायचं वेगळं टेबल चालत नाही, खांदाच कडेवर येतो. एकाने काखेतून घडी केलेली चादर घालून वर धरलं, मी कोपर जरासं वाकवून हात खाली ओढला. या ओढण्यात घाई करायची नसते, दोन-तीन मिनिटं नुसतं एकसारखं धरून राहायचं. स्नायूत घुसलेलं टोक मात्र ओढून सुटत नाही, जोर लावला तर फास आणखी आवळतो. दंडाच्या वरून खाली, स्नायू अंगठ्यांनी चोळत चोळत त्या टोकावरून मागे सरकवावा लागतो, आणि सुटलं की हाताला एक गचका जाणवतो, कातडीवरची खळी भरून येते. ती आली. त्यानंतर आधी बाजूचं सरकणं, मग फिरकी, आणि शेवटी कोपराच्या मागच्या हाडावर अंगठा ठेवून वाकवणं. तुकडा बाहेरच्या बाजूला सरकलेला होता म्हणून हात सुपिनेशनमध्ये, म्हणजे तळवा वर, आतल्या बाजूला सरकलेला असता तर उलटा. सवयीने प्रत्येकाला तळवा खाली फिरवणारे बरेच बघितलेत.

बाजूने घेतलेल्या एक्स-रेत ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, पुढच्या कडेवरून काढलेली रेघ कॅपिटेलमच्या, म्हणजे त्याच हाडाच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या गोल भागाच्या, मधून जातेय, समोरून बाऊमन अँगल, म्हणजे कोपराचा बाक तपासायचा कोन, उजव्या हाताशी जुळतोय, तिरक्या दोन्ही फोटोंत हाडाचा आतला-बाहेरचा कॉलम सलग. हे सगळं जुळेपर्यंत तार हातात घ्यायची नाही. मुलांचं हाड वाकडं जुळलं तरी वाढीत सरळ होतं हे ऐकून ऐकून लोक निवांत होतात, पण ह्युमरसची ८० टक्के वाढ खांद्याकडून होते आणि कोपराकडून जेमतेम २० टक्के, त्यामुळे इथे आत वाकलेलं कोपर तसंच राहतं. वापरायला हात चालतो, दिसायला मात्र बंदुकीच्या दस्त्यासारखा, आणि मग दहा-बारा वर्षांचं झालं की हाड कापून सरळ करायला आणतात.

तारा दीड मिलिमीटरच्या, बाहेरच्या बाजूने दोन, एकमेकींपासून लांब पसरत जाणाऱ्या. हलवून बघितलं तर किंचित फिरत होतं म्हणून बाहेरूनच तिसरी टाकली. आतल्या बाजूने टाकली असती तर यांत्रिकदृष्ट्या जास्त पक्कं झालं असतं हे मान्य, पण सूज इतकी की आतला उंचवटा बोटाला लागत नव्हता आणि त्याच्या मागूनच अल्नर नर्व्ह जाते. एक नर्व्ह आधीच बंद असलेल्या, महिन्याभराने कुठल्या गावात असेल ते माहीत नसलेल्या पोराची दुसरी नर्व्ह पणाला लावायची मला गरज वाटली नाही. आतली तार टाकायचीच असेल तर छोटा छेद घेऊन, कोपर थोडं सरळ करून, डोळ्यांनी बघून टाकावी.

तारांची टोकं कातडीच्या बाहेर वाकवून ठेवली. आत पुरल्या तर जंतुसंसर्गाची भीती कमी, पण काढायला पुन्हा थिएटर, पुन्हा भूल, आणि यांच्यासाठी पुन्हा दोन दिवसांचा खाडा. बाहेर असलेली तार कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात पक्कडीने निघते.

तीन वाजता ड्रेसिंग झालं तेव्हा हात गुलाबी, गरम, नाडी अजून नाहीच. लेबर रूममधला डॉप्लर मागवून बघितला, पण तो पोटातल्या बाळाचे ठोके ऐकण्यासाठीचा, मनगटावर भरवशाचा नाही, खरखर ऐकून आपणच आपलं समाधान करून घ्यायचं. ऑक्सिमीटरची लाट आणि नखाचा रंग यावरच विसंबलो. स्लॅब ६० अंशांवर, ९० वर नाही. फोटोत छान दिसतं म्हणून सुजलेलं कोपर ९० च्या पुढे वाकवून बांधायचं हे आता बंद व्हायला पाहिजे, तार आहे ना धरायला.

त्या रात्री सिस्टरना सांगितलं की नाडीपेक्षा पोराकडे बघा. कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे हाताच्या स्नायूंमध्ये दाब वाढून आतलं रक्त थांबतं त्यात, लहान मूल 'फार दुखतंय' असं नीट सांगत नाही. ते चिडतं, कुणाला जवळ येऊ देत नाही, आणि पेनकिलर देऊनही पुन्हा पुन्हा रडतं. हाड बसल्यावर दुखणं कमी होत गेलं पाहिजे, वाढत असेल तर बँडेज लगेच पूर्ण सोडायचं आणि मला उठवायचं. १८८१ मध्ये फोल्कमन नावाच्या जर्मन सर्जनने घट्ट पट्ट्यांनंतर कायमचे आखडून गेलेले हात लिहून ठेवले. असा हात आमच्याच ओपीडीत येतो, पंचविशीतला माणूस, लहानपणी बांधलेलं कोपर, बोटं वळलेली ती वळलेलीच.

पाचच्या सुमाराला फोन आला, पोरगं जोरजोरात रडतंय. गेलो. हाताचा खालचा भाग मऊ, एकेक बोट सरळ करून बघितलं तरी तक्रार नाही, पॅरासिटामॉलचा डोस वेळेवर गेलेला. सिस्टरनी आधीच बँडेज सैल केलं होतं. मग आईच म्हणाली, "त्याला भूक लागलीया वो." भूलतज्ज्ञ मॅडमना विचारून दूध-बिस्किट दिलं, अर्धा पुडा खाल्ला आणि झोपलं. आठच्या राउंडला मनगटावर बारीक पण नक्की नाडी लागली, संध्याकाळपर्यंत उजव्यासारखी.

तिसऱ्या दिवशी घरी सोडायचं म्हटल्यावर खरा प्रश्न आला. घर म्हणजे फडाच्या कडेची कोपी, चटई आणि ताडपत्रीची, आणि तीही ऊस संपला की उचलून दुसऱ्या गावात. तीन-चार आठवड्यांनी तारा काढायच्या, आणि तेव्हा टोळी कुठे असेल हे फक्त कारखान्याच्या तोडणीचं बघणाऱ्या चिटबॉयला आणि मुकादमाला माहीत. तारीख देऊन उपयोग नव्हता, म्हणून बाजाराचा वार दिला. बाजाराला टोळीतलं कुणी ना कुणी येतंच, त्यांच्याबरोबर या म्हटलं. कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं की हातात तीन तारा आहेत, टोकं बाहेर आहेत, अमुक आठवड्यानंतर भूल न देता काढता येतात, बोटांचा गोल आधीपासूनच होत नव्हता. शेवटच्या एक्स-रेचा फोटो बापाच्या फोनमध्ये. मुकादमाला बाजूला घेऊन सांगितलं की तारा राहिल्या तर हातात पू होईल आणि मग दोघांचाही कोयता बंद पडेल. त्याच्या हिशेबाच्या भाषेत सांगितल्यावर त्याने स्वतः फोनमध्ये वार टाकून घेतला. माणूस म्हणून तो वाईट नव्हता, रात्री गाडी त्यानेच काढली होती.

आले, ठरलेल्या वारापेक्षा एक बाजार उशिरा. स्लॅब काळाकुट्ट, चिकट, आणि आत मुंग्या. पोरगं दिवसभर चांगल्या हाताने ऊस खात होतं आणि रस कोपरावरून स्लॅबमध्ये झिरपत होता, खाज येते म्हणून आत पाचटाची काडीही घातलेली. एका तारेपाशी थोडा पू होता, बाकी दोन कोरड्या. एक्स-रेत नवीन हाड चांगलं दिसत होतं. तारा ओपीडीतच पक्कडीने ओढल्या, तिघींना मिळून अर्धा मिनिटही लागलं नाही, त्यापेक्षा जास्त रडणं स्लॅबची पट्टी कापताना झालं. ड्रेसिंग, पाच दिवस गोळ्या, एवढ्यावर जखम बसली.

आईचा प्रश्न ठरलेला असतो तोच आला, तेल कुठलं लावू. कुठलंच नाही. कोपर चोळायचं नाही, कुणी जोर लावून वाकवायचं नाही, वजन लटकवायचं नाही. मोठ्या माणसाला फिजिओथेरपी लागते, या वयाचं पोरगं खेळता खेळता स्वतःच हात मोकळा करतं, चोळल्याने आत नको तिथे हाड तयार होऊन कोपर कायमचं अडकू शकतं. आपल्याकडे मालिश हा इतका प्रेमाचा विषय आहे की 'नको' म्हटलं की डॉक्टरला काही कळत नाही असं वाटतं, म्हणून मी 'पाठीला लावा, पायाला लावा, फक्त या कोपराला नको' असं सांगतो.

नर्व्हसाठी काहीच केलं नाही. अशी दबलेली एआयएन बहुतेक दोन ते सहा महिन्यांत आपोआप परत येते, सुरुवातीला महागड्या तपासण्या करून हाती काही लागत नाही. हंगाम संपून टोळी गावी गेली, एप्रिलमध्ये मुकादमाच्या नंबरवरून व्हिडिओ आला, पोरगं दोन्ही हातांनी गोल करून चष्म्यासारखं डोळ्यांना लावून दाखवतंय. डावा गोल जरासा चपटा, पण गोल. दिवाळीनंतर नवीन हंगामाला आले तेव्हा प्रत्यक्ष बघितलं, चिमटीची ताकद दोन्हीकडे सारखी, कोपर पूर्ण वाकतं, सरळ करताना पाचेक अंश कमी, दोन्ही हात समोर धरले तर बाक सारखाच.

त्या हाडवैद्यालाही मधल्या काळात जाऊन भेटलो. भांडायला गेलो नव्हतो, संध्याकाळी पाच वाजता त्या पट्ट्यात कोण उपलब्ध असतं हे मलाही माहितीये. मनगट, पाय मुरगळणं यावर काही बोललो नाही, एवढंच म्हटलं की दहा वर्षांखालच्या पोराचं कोपर सुजलेलं असेल तर ओढू नका, बांधू नका, झोळीत घालून पाठवा, मी तुमच्याबद्दल कुणाला वाईट बोलणार नाही. त्याने ऐकून घेतलं. नंतर त्याने पाठवलेली एक मुलगी आली, हात नुसता ओढणीच्या झोळीत, नाडी चांगली, सकाळी निवांत तारा टाकल्या. त्याच महिन्यात दुसरं एक पोरगं पुन्हा कामट्या आणि अंड्याच्या लेपासकट आलं. कुणी बांधलं विचारलं तर भलत्याच गावच्या दुसऱ्या हाडवैद्याचं नाव सांगितलं.